स्वखुशीने

बादलीत घोडीसाठी भिजवलेला कोंडा, तोंडसुद्धा न लावलेला.

"तुमच्या या हवेला वास नाही आणि तुमच्या चहालाही नाही," बाबा नर्सला म्हणाले होते.

अंतिम रेषेपाशी घडीची खुर्ची, तिच्यावर शेजारणीची शाल.

घोडीचं नाव मावशी, कारण शिंगरू होती तेव्हापासून दुसऱ्याच्या घमेल्यात नाक.

एका पावलाला उठायचं, एका पावलाला बसायचं.

शेवटच्या थांब्यावर मावशीच्या मानेवर गार पाणी ओतताना थोरलीच्या डोक्यात हे सगळं एकदमच फिरत होतं. शर्यत लांब पल्ल्याची, सुटायची तिथेच संपणारी. दर थांब्यावर डॉक्टर घोडं तपासणार, मगच पुढे सोडणार. आता एकच टप्पा उरला होता आणि त्याच्या टोकाला बाबा बसले होते, नाकात नळी, शेजारी सिलिंडर. मावशीला त्यांनीच वाढवलेलं. दवाखान्याशी भांडून आले होते. "एकदा तिला रेषेवरून येताना बघू द्या. मग मी आहे, तुम्ही आहात आणि तुमच्या गोळ्या आहेत."

डॉक्टरीणबाईंनी मावशीला पळवून पाहिलं, पायांवरून हात फिरवला. "ठोके छान, पाय साफ. जा बिनधास्त."

"मी थांबते," थोरली म्हणाली.

धाकट्या भावाच्या हातातला टॉवेल खाली पडला. "ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ती मला बसू देत नाहीये रे."

दुडक्या चालीत स्वार एका पावलाला उठतो, एका पावलाला बसतो. एकाच बाजूवर भार नको म्हणून मधूनमधून बसायचं पाऊल बदलतो. चढ संपल्यापासून थोरली पाऊल बदलायची आणि मावशी बारीकसा हिसका देऊन तिला पुन्हा जुन्याच पावलावर आणून बसवायची. कुठेतरी दुखत असल्याशिवाय ती असं करणार नव्हती; बाहेरून पाहणाऱ्याला मात्र यातलं काही दिसणार नव्हतं.

"मग चालवत ने," धाकटा म्हणाला. "शेवटचा नंबर तर शेवटचा. बाबांना नंबर नकोय गं, घोडी हवीय."

चालवत नेली असती तर पोचली असती. मावशी चालायला कधीच नाही म्हणायची नाही, हीच तर पंचाईत होती. थोरलीने खोगीर उतरवलं.

"कारण काय सांगू?" पंचांनी विचारलं. "लंगडत नाही, दमलेली नाही. स्वखुशीने माघार, असं म्हणतो."

"म्हणा," धाकटा म्हणाला. "पेढेही वाटा."

कर्ण्यावरून ते रेषेपर्यंत पोचलं. मावशीला गाडीत घालून दोघं तिथे आली तेव्हा लोक तंबू उतरवत होते. बाबा शाल पांघरून बसलेले.

"खुशी झाली म्हणे तुला," ते म्हणाले.

"बाबा, ती डाव्या पावलावर बसू देईना."

"पळव रे तिला."

धाकट्याने लगाम धरून मावशीला त्यांच्यासमोरून पळवलं. गेली, आली. कान ताठ, पाय कसे तालात. बाबा पुढे वाकून बघत राहिले. थोरली घोडीकडे बघतच नव्हती, ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. एवढंसं 'हं' आलं असतं तरी तिला पुरलं असतं.

"मला काही दिसत नाही," बाबा म्हणाले.

थोड्या वेळाने म्हणाले, "माझे डोळेही आता कुठे धड आहेत म्हणा." त्यांनी हात पुढे केला. मावशीने तो हुंगला, त्यात खायला काही नाही हे पाहून नाक फिरवलं. बाबा हसायला गेले आणि खोकत राहिले.

दुसऱ्या दिवशी मावशी कुंपणाच्या कडेने वासरासारखी उधळली. पाय ठणठणीत. थोरलीने ते खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला. आतल्या खोलीत बाबांनी विचारलं, "कशी आहे?"

"विश्रांती घेतेय," ती म्हणाली.

बाबा महिनाभरही राहिले नाहीत. डावं की उजवं, हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तिनेही नाही.

शर्यतीच्या सकाळी खोगिराचा पट्टा बाबांनी स्वतः आवळला होता. बोटांत जोर नव्हता. ते खुर्चीकडे वळल्यावर थोरलीने तो पुन्हा आवळला.