बॅरलची आतली बाजू

सुनीतीबाई तीन महिन्यांसाठी परदेशी, क्वेकर्स हिलला लेकीकडे आल्या आणि कोरोनामुळे विमानं बंद झाल्याने तिथेच अडकल्या. भोसरीच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं हायड्रॉलिक सिलिंडर आतून तपासले होते. त्यामुळे जावई तनय आपल्या नेमबाजीच्या रायफलसाठी नवी बॅरल, म्हणजे गोळी जाते ती नळी, बनवून घेणार हे कळताच त्यांना राहवेना.

"कोणाकडून घेतोयस?"

"दोन मेकर आहेत, आई. एक सहा आठवड्यांत देतो. दुसरा आठ महिने म्हणतोय. कोविडमुळे त्याचं स्टील रखडलंय."

"आतून कशी असते रे ती?"

जूनमध्ये तनयच्या नेमबाजी क्लबची रेंज उघडली, तेव्हा तनय त्यांना घेऊन गेला. गोळीबार थांबला, माणसं टार्गेट बदलायला पुढे गेली. बाकावरच्या रायफलीत डोकावायला सुनीतीबाई वाकल्या, तोच रेंज ऑफिसर बाईंचा आवाज आला, "हात मागे, प्लीज. समोर माणसं असताना बंदुकीला कोणी शिवायचं नाही. मालकानेसुद्धा."

सुनीतीबाईंचे कान तापले. पण बाकांमागे आखलेल्या पिवळ्या रेषेमागे त्या गेल्या आणि तिथूनच विचारलं, "अजून काय काय करायचं नाही?"

ऑफिसर बाईंनी हसून सांगितलं: नेम धरलेल्याशी बोलायचं नाही, नळीचं तोंड कायम टार्गेटकडे, दुसऱ्याची रायफल विचारल्याशिवाय हातात घ्यायची नाही. मग त्यांनी क्लबच्या खोलीतून उभी चिरलेली एक जुनी बॅरल आणून दाखवली. आत पीळ घेत गेलेल्या खाचा होत्या. सुनीतीबाईंनी त्यांवरून सावकाश बोट फिरवलं. एका जागी ते अडखळलं.

घरी येऊन त्यांनी तनयला दोन्ही मेकरना फोन लावायला लावला. प्रश्न एकच, शंभर नळ्यांत नापास किती?

पहिला म्हणाला, "एकही नाही, मेट."

दुसरा म्हणाला, "गेल्या महिन्यात अकरा. एक तर कालच."

"का?"

त्यावर सुनीतीबाईंचं आणि त्या मेकरचं बोलणं अर्धा तास चाललं. तनयचा चहा गार झाला.

"आठ महिने थांबायचं?" त्याने विचारलं.

"थांब की. हा आतून बघतो तरी. स्पर्धा तरी कुठे चालू आहेत?"

त्या दुसऱ्या मेकरने त्यांना वर्कशॉप बघायला बोलावलं होतं. जुलैत ते बॅथर्स्ट गावाच्या पुढे गाडीने गेले. मास्क लावलेल्या त्या म्हाताऱ्याने नुकतीच घासलेली नळी आणि मापायचं गेज सुनीतीबाईंच्या पुढ्यात ठेवलं. कटिंग ऑइलचा वास येत होता. बाईंनी बांगड्या मागे सारल्या, चष्मा पुसला आणि विचारलं, "हात लावू ना?"