कृपया बसू नये

मित्रांनो, खुर्ची म्हटली की तुम्हाला बसणे आठवते. मला उभे राहणे आठवते. मी एक जुनी खुर्ची आहे आणि माझ्या ऐन उमेदीतली कित्येक वर्षे माझ्यावर कोणीही बसलेले नाही. माझ्या बैठकीवर एक पाटी असे, 'कृपया बसू नये'. त्या हलक्याशा पाटीने मला जेवढे दमवले, तेवढे पुढे धिप्पाड माणसांनीही दमवले नाही.

माझा जन्म एका लाकडी सामानाच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, एक लांबट शेड, दोन यंत्रे आणि पायाखाली भुसाच भुसा. मालक ताडमाड उंच होते. उभा जन्म लोकांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून काढला, असे ते म्हणत. म्हणून कारखाना काढल्यावर त्यांनी मिस्त्रींना सर्वांत आधी स्वतःच्या मापाची खुर्ची करायला सांगितले. मिस्त्रींनी जीव ओतला. रंधा मारून मारून माझे हात गुळगुळीत केले, पाठीला छान बाक दिला. मालक बसले, पाय टेकवले आणि समाधानाने म्हणाले, "आता सगळ्या अशाच करायच्या."

तेव्हापासून मी नमुना झाले. तयार झालेली प्रत्येक खुर्ची माझ्याशेजारी उभी करून तपासली जाई. केसभर फरक दिसला तरी मिस्त्री ती पुन्हा खोलायला लावत. खोटे कशाला बोलू, तेव्हा माझी मान फार ताठ होती.

पुढे मालक वारले. मालकीणबाईंनी मला स्वच्छ पुसले आणि त्यांच्या जागी दुसरे कोणी बसू नये म्हणून ती पाटी ठेवली. कारखाना त्यांच्या मुलीने, म्हणजे ताईने, हाती घेतला. मालकीणबाई रोज शेडमध्ये येत, मला पुसत आणि मग समोरच्या बुटक्या स्टुलावर बसून पॉलिशचे बोळे करत.

माझ्या वाट्याला मात्र प्रदर्शने आली. टेंपोत दोरीने करकचून बांधायचे, मंडपात दिव्याखाली उभे करायचे, रात्री पुन्हा बांधायचे. लोक येत, पाठीवरून हात फिरवत, बोटाने टकटक करून पाहत, काम सुरेख आहे म्हणत आणि पुढे जात. कौतुकाने पोट भरत नाही, मित्रांनो. पूर्वी मालकांच्या शब्दाखातर लोक माल उचलत. आता एकदा खुर्ची नेलेले गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नसे. लोकांना पारख उरली नाही, असे ताई म्हणे. मिस्त्री सगळे खापर प्लास्टिकवर फोडत. घोडे नेमके कुठे पेंड खाते आहे, ते कोणालाच कळेना. एकेक कारागीर दुसरीकडे निघून गेला, आणि मी पाटी सांभाळत उभीच होते.

अशात कळले की शहरात नवे वाचनालय होणार आहे आणि त्याच्या मुख्य बाई येत्या प्रदर्शनात खुर्च्या निवडणार आहेत. हे काम हुकले तर शेडला कुलूप लावावे लागेल, असे ताईने मिस्त्रींना माझ्यासमोरच सांगितले. मिस्त्री रंध्याचे पाते काढून उगाच पुसत बसले.

त्याच सुमारास लाकडी माल करणाऱ्यांसाठी एक शिबिर भरले. धंदा कसा चालवावा, बाजारपेठ कशी वाढवावी, हे तिथे शिकवणार होते. प्रत्येकाने आपला एक नमुना आणायचा होता. ताईने मला नेले. कोणी दार आणले होते, कोणी खेळणी, एकाने तर फळांची खोकी आणली होती. शिकवणाऱ्या बाई सकाळपासून उभ्या राहून बोलत होत्या. गिऱ्हाईक, गरज, स्पर्धा, जाहिरात! ऐकून ऐकून माझे सांधे दुखले. दुपारी त्यांचेही पाय दुखले असावेत. बोलता बोलता त्यांनी माझ्यावरची पाटी उचलून टेबलावर ठेवली आणि त्या खुशाल माझ्यावर बसल्या.

इतक्या वर्षांनी अंगावर माणूस आले, म्हणून मी सुखावले. पण काहीतरी चुकत होते. बाईंचे पाय जमिनीला पोहोचतच नव्हते. त्यांनी ते शाळकरी मुलीसारखे हलवून पाहिले आणि ताईला विचारले, "हिच्यावर शेवटचं कोण बसलं होतं?"

"बाबा," ताई म्हणाली.

"मग ताई, तुम्ही अजून बाबांनाच खुर्च्या विकताय," बाई हळूच म्हणाल्या.

ताईचा चेहरा लाल झाला. ती मला उचलून तशीच निघाली. शेडमध्ये आल्यावर तिने मिस्त्रींना सरळ सांगितले की माझे पाय कापून आखूड करायचे. नवा नमुना करायला वाळलेले लाकूड नव्हते आणि प्रदर्शन तोंडावर आले होते. मिस्त्री म्हणाले, हात धजावत नाही. मालकीणबाई तर माझ्यापुढे आडव्याच उभ्या राहिल्या. "माणूस गेलं, आता त्याचं मापही घालवणार का?" त्यांनी विचारले.

ताईने वाद घातला नाही. तिने आईला हात धरून आणले आणि माझ्यावर बसवले. मित्रांनो, ज्या बाईंनी वर्षानुवर्षे माझी धूळ पुसली, त्यांचे वजन मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. किती हलक्या होत्या त्या! त्यांचे पाय अधांतरी राहिले आणि एका पायातली चप्पल सुटून खाली पडली. त्या चपलेकडे बघत राहिल्या. मग हसल्या, मग पदराने डोळे पुसले.

"इतकी वर्षं स्टुलावर बसले," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माझीच उंची कमी आहे. कापा मिस्त्री."

करवत लागली तेव्हा दुखले. खोटे सांगत नाही. आणि मान ताठ ठेवून ज्यांना मी आपल्यासारखे घडवले, त्या सगळ्या खुर्च्या आठवून लाजही वाटली. घराघरांतून किती पाय लोंबकळले असतील!

प्रदर्शनात माझ्यावर पाटी नव्हती. वाचनालयाच्या मुख्य बाई बसल्या, आणि बोलता बोलता उठायचे विसरल्या. मागितले होते त्याच्या निम्मेच काम त्यांनी दिले. उरलेले पुढे बघू म्हणाल्या. तेवढ्यावर शेडचे कुलूप टळले.

आता नमुना म्हणून दुसरी खुर्ची आहे. ती दर थोड्या दिवसांनी नव्या माणसांना बसवून तपासतात. मी दाराजवळ असते. माझे हात मळले आहेत, एक सांधा कुरकुरतो, आल्यागेल्याचे ओझे झेलून मी खरेच थकले आहे. मित्रांनो, तुमच्या घरात अशी कोणी पाटीवाली वस्तू असेल, तर तिला नुसती पुसू नका. वापरा, मोडली तर दुरुस्त करा. माणसांचेही तेच. आधी समोरच्याचे पाय टेकतात का ते बघा, मग त्याला आपले माप द्या.

संध्याकाळ झाली की मालकीणबाई चपला काढतात आणि माझ्यावर बसतात. बुटके स्टूल कोपऱ्यात पडून असते. त्यांची दोन्ही पावले भुशावर सपाट टेकलेली असतात.