वेर्लिनने गॅरेजमध्ये पेटवलेली शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे आणि मी चिडलेली आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. शेगडी म्हटल्यावर तुम्हाला ओट्यावरची आठवली असेल. मी ती नाही. मी अंगणात राहणारी, मांस भाजणारी. मला दोन पाय, दोन चाकं, वर भलंमोठं झाकण, पोटात तीन बर्नर आणि खाली गॅसची टाकी आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे पत्रा कापला, वाकवला आणि भट्टीत घालून त्याच्यावर काळा रंग पक्का केला. शेवटी एका बाईने माझा एकेक सांधा तपासला आणि झाकणावर लाल अक्षरांची पट्टी चिकटवली. 'फक्त घराबाहेर वापरा', एवढंच तिच्यावर लिहिलं होतं. वेर्लिन सूलहाइमने मला विकत घेतलं आणि पहिल्याच दिवशी ती पट्टी नखाने खरवडून काढली. झाकणावर ती बरी दिसत नाही, असं त्याचं म्हणणं.

वेर्लिन अमेरिकेच्या थंडगार उत्तरेत, मिनेसोटातल्या एका तळ्याकाठच्या गावात राहतो. त्याने तीस वर्षं शाळेची बस चालवली. माणूस मनाने वाईट नाही, पण कुणाचं ऐकून घेणं त्याला कमीपणाचं वाटतं. दुकानदार म्हणाला, "जोडून देऊ का? पैसे पडत नाहीत."

"कशाला? अख्खं बसचं इंजिन उतरवून परत बसवलंय मी."

त्याने माझी माहितीपुस्तिका न उघडताच कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि मला जोडलं. तीन स्क्रू उरले. त्याची बायको आर्डिस हातात कॉफी घेऊन उभी होती.

"हे तीन उरले वाटतं," ती म्हणाली.

"कारखानेवाले जास्तीचे देतात."

"असेल बाई," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी तो मासे धरायला गेल्यावर आर्डिसने पुस्तिका डब्यातून काढली, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचली. तिन्ही स्क्रू जिथले तिथे बसवले. मग वाटीत भांडी घासायच्या साबणाचं पाणी केलं, माझे बर्नर बंद ठेवून फक्त टाकी उघडली आणि ते पाणी ब्रशने नळीला लावलं. नळी टाकीला मिळते तिथे हळूहळू एक बुडबुडा फुगला. म्हणजे गॅस गळत होता. तिने टाकी बंद केली, जोड घट्ट केला आणि बुडबुडा येईनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा पाणी लावलं. शेवटी मला ढकलत भिंतीपासून चांगलं दहा फूट लांब नेऊन ठेवलं. संध्याकाळी वेर्लिनने मला पेटवलं आणि म्हणाला, "बघ, कशी एका झटक्यात पेटली."

ती काही बोलली नाही. त्याला वाईट वाटलं असतं ना. आमच्या गावाला हा रोगच आहे. इथे कुणी कुणाला 'तुझं चुकलं' असं म्हणत नाही. एखाद्याचा पदार्थ घशाखाली उतरत नसला तरी लोक 'वेगळंच लागतंय हं' एवढंच म्हणतात आणि शेवटचा तुकडा एकमेकांकडे सरकवत बसतात.

मी अठरा वर्षं त्या अंगणात काम केलं. दर वसंतात आर्डिस नळीला साबणाचं पाणी लावायची, चरबीचा ट्रे धुवायची आणि लांब दांड्याच्या ब्रशने माझ्या बर्नरच्या नळ्या साफ करायची. गॅसच्या वासावर एक बारका कोळी जीव टाकतो. तो नळीत शिरून जाळं विणतो, मग हवेला वाट राहत नाही आणि निळी ज्योत पिवळी पडते. हे सारं पुस्तिकेत लिहिलेलं आहे. ती ही कामं नवरा घरात नसताना करायची, आणि गाव म्हणायचं, "वेर्लिनची शेगडी कधी दगा देत नाही." वेर्लिन मान डोलवायचा.

एकदा त्याने माझं झाकण बंद ठेवून गॅस सोडला आणि मग ठिणगी दिली. आत साठलेला गॅस भसकन पेटला आणि त्याच्या दोन्ही भुवया गेल्या. झाकण आधी उघडायचं असतं, हे लहान मूलही सांगेल. रविवारी आर्डिसने आपल्या भुवयांच्या पेन्सिलीने त्याच्या भुवया रेखल्या, तेव्हा कुठे तो चर्चला गेला. तिथे दीडशे माणसं होती. एकाने तरी विचारावं? पाद्री म्हणाले, "आज ताजातवाना दिसतोस, वेर्लिन."

हसा, हसून घ्या. पुढचं हसण्यासारखं नाही.

आमच्याकडे हिवाळ्यात शेगडी पेटवणं मानाचं समजतात. ऑक्टोबरात शेगडी झाकून ठेवणाऱ्याला लोक 'आयोवाचा पाहुणा', म्हणजे दक्षिणेकडच्या उबदार राज्यातून आलेला, म्हणून चिडवतात. वेर्लिन उणे वीसमध्ये बर्फ उकरून मला पेटवायचा, अंगात नुसता स्वेटर. मला त्याची तक्रार नव्हती. थंडी मला बाधत नाही.

मागच्या वर्षीच्या वसंतात आर्डिसचा खुबा मोडला आणि ऑपरेशन झालं. तिला वाकता येईना, म्हणून नळ्या साफ झाल्या नाहीत. कोळ्याला उन्हाळा आणि पानगळ दोन्ही मोकळे मिळाले. ती वेर्लिनला एकदा म्हणाली, "शेगडीच्या नळ्या कुणीतरी बघायला हव्यात, नाही का?" आमच्या गावात हे रागावणंच झालं. तो म्हणाला, "बघू की," आणि बघितलं नाही. जिने चढायला नकोत म्हणून तिचा पलंग खाली, गॅरेजला लागून असलेल्या खोलीत आणला होता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिची बहीण मार्लिस आणि मार्लिसचा नवरा लायल चर्चमधून थेट जेवायला यायचे होते. आर्डिसला ताप होता, ती पडून होती. बाहेर उणे अठ्ठावीस आणि वर बोचरा वारा. वेर्लिन आता बहात्तरचा आहे. पण 'आज घरातच काहीतरी करू' असं म्हणायची त्याला लाज वाटली. त्याने मला ढकलत गॅरेजमध्ये आणलं, मोठं दार गुडघ्याएवढं वर ठेवलं आणि मला पेटवलं. थोड्या वेळाने बर्फ आत यायला लागला तसं दार वीतभर फटीवर आणलं. विषारी हवेची सूचना देणारी डबी भिंतीवर होती, पण तिच्यातली बॅटरी त्याने महिन्यापूर्वीच रेडिओत घातली होती.

माझ्या नळ्या जाळ्यांनी तुंबलेल्या होत्या. ज्योत पिवळी जळत होती आणि जाळीला काजळी धरत होती. शेगडीला याहून मोठ्याने ओरडता येत नाही.

लायल येऊन माझ्याजवळ उभा राहिला. या माणसाने बावीस वर्षं लोकांची घरं गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्ट्या दुरुस्त केल्या आहेत. पिवळी ज्योत म्हणजे काय, हे त्याला झोपेतही कळतं.

"वेगळीच आहे हं ज्योत," तो म्हणाला.

"सोनेरी," वेर्लिन म्हणाला. "चरबी चांगली सुटतेय सॉसेजची."

"दार जरासं... नाही, राहू दे. तुझं घर आहे."

"वास येतोय का गॅसचा? नाही ना?"

"नाही, वास नाही."

कसा येणार वास? गॅस जळत होताच. अर्धवट जळून जो कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना वास असतो ना रंग. लायलला हे ठाऊक होतं. साडूपुढे शहाणपणा नको, म्हणून तो गप्प राहिला. मित्रांनो, वेर्लिनला कळत नव्हतं, पण लायलला कळत होतं. मला जास्त राग कुणाचा येत असेल, तुम्हीच सांगा.

ताटं ने-आण करायला स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. दुसरा घाणा गरम राहावा म्हणून मला मंद जळत ठेवलं होतं. पाऊण तासाने मार्लिस कपाळ चोळायला लागली.

"डोकं दुखतंय का?" वेर्लिनने विचारलं.

"छे, चर्चमधला ऑर्गन जरा जोरात होता आज."

लायलने कॉलरचं बटण सोडलं. वेर्लिनला स्वतःला मळमळत होतं, पण त्याने खापर सॉसेजबरोबरच्या मोहरीच्या चटणीवर फोडलं. तिघांचीही डोकी ठणकत होती आणि तिघेही कोबीची कोशिंबीर किती छान झाली आहे ते एकमेकांना सांगत होते. पलीकडच्या खोलीतून आर्डिसचा खोकला मघाशी ऐकू येत होता. तो थांबला, तेव्हा वेर्लिन म्हणाला, "बरं झालं, झोप लागली तिला."

शेवटी लायलने मांडीवर थाप मारली. "चला, निघायला हवं." पण आमच्याकडे निघायला तास लागतो. टेबलापाशी एकदा निरोप, कोट चढवताना दुसऱ्यांदा, दारात रस्त्यावरच्या बर्फाबद्दल पुन्हा एकदा बोलणं. मार्लिसचे बूट घालून झाले होते. तिच्या मनात आलं, आजारी बहिणीला न सांगता गेलं तर बरं दिसणार नाही. ती तशीच बुटांनिशी आत गेली.

तिने हाक मारली. मग दंड धरून हलवलं. मग बाहेर येऊन म्हणाली, "लायल, ती उठत नाहीये."

लायल काही न विचारता गॅरेजकडे धावला. त्याने माझी टाकी बंद केली, मोठं दार धाडकन वर उचललं आणि म्हणाला, "माहीत होतं मला. ज्योत बघितली तेव्हाच माहीत होतं." तिघांनी आर्डिसला पांघरुणासकट बाहेर बर्फात आणलं.

रुग्णवाहिका तिला घेऊन गेली. अग्निशमन दलाच्या एका बाईने हातात मोजणीचं यंत्र धरून गॅरेजमध्ये फेरी मारली.

"काका, ही आत कुणी आणली?"

"बाहेर फार थंडी होती," वेर्लिन म्हणाला.

"मग तव्यावर भाजायचं. आणि तुम्हा कुणालाच काही जाणवलं नाही?"

लायल बुटाच्या टोकाने बर्फ उकरत राहिला. मग मार्लिस म्हणाली, "जाणवलं होतं. बोललेलं बरं दिसलं नसतं."

आर्डिस वाचली. नऊ दिवसांनी घरी आली. पण तिचा डावा हात थरथरतो आणि बोलताना मधेच शब्द सापडेनासा होतो. मला शेडमागे ढकलून दिलं. वेर्लिन भेटेल त्याला सांगत सुटला, "शेगडीच खराब निघाली." मे महिन्यात त्याने मला रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि गळ्यात पाटी अडकवली, 'फुकट. चांगली चालते.' बोलताना खराब, द्यायला काढली की चांगली. एका तोंडाचा माणूस असता तर मी तेवढं तरी सोसलं असतं.

एक तरुण जोडपं गाडी थांबवून उतरलं. "का देताय, काका?" मुलीने विचारलं.

"नवी घ्यायचीय."

तेवढ्यात आर्डिस वॉकरवर टेकत, घरातल्या सपाता घालून रस्त्यापर्यंत आली.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली.

त्या रस्त्यावर असं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नसेल. मुलीने नवऱ्याचा हात धरला.

"शेगडीत दोष नाही. याने ती गॅरेजमध्ये पेटवली. मी मरता मरता वाचले." मग ती वेर्लिनकडे वळली. "आणि अठरा वर्षं ती मी तपासत होते. तू मासे धरायला गेलास की. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. माझंच चुकलं."

"कधी बोलली नाहीस तू," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"आता बोलतेय. साबणाचं पाणी आण, आणि तो लांब ब्रश."

त्याने आणलं. तिने उजव्या हाताने वॉकर धरला होता आणि डावा थरथरत होता, म्हणून ब्रश त्यालाच धरावा लागला. तो गुडघ्यांवर बसला. ती सांगत गेली, तो करत गेला आणि ते जोडपं बघत राहिलं. मधल्या नळीतून ब्रशबरोबर करड्या जाळ्याचा एक गोळा बाहेर आला, अंगठ्याएवढा. वेर्लिनने तो तळहातावर घेतला आणि बघतच राहिला.

"हे होतं?" त्याने विचारलं.

"हे एक," आर्डिस म्हणाली. "दुसरं तू."

ते जोडपं मला घेऊन गेलं. आता मी त्यांच्या अंगणात, भिंतीपासून लांब उभी असते. ती मुलगी झाकण उघडून मगच मला पेटवते, आणि काम झालं की टाकी बंद करते. वेर्लिनला मी माफ केलेलं नाही. लायलला तर नाहीच.

मित्रांनो, आम्हा शेगड्यांना माया नको. वर्षातून एकदा साबणाचं पाणी आणि ब्रश द्या, आणि आम्हाला बाहेर ठेवा, मग बाहेर कितीही गारठा असो. पण त्याहीपेक्षा एक करा. समोरचा चुकतोय असं दिसलं, तर त्याच्या तोंडावर सांगा. यजमान चिडेल, साडू चार दिवस बोलणार नाही. चिडू दे. राग उतरतो. माझाही उतरेल कधीतरी. आर्डिसचा डावा हात मात्र अजून थरथरतो.