माफी कुणी मागायची

"बाबा, मी तुम्हाला फार त्रास दिला. एकोणिसाव्या वर्षी वाईट संगतीला लागलो आणि तुमच्या नावाला काळिमा फासला."

धाकटा कागदावरून वाचत होता. आवाज इतका खाली की समोर बसलेल्या त्याच्या ताईलाही कान द्यावा लागत होता. चाळिशीचा माणूस, अठरा-अठरा मजल्यांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा, पण उभा होता वर्गात चूक कबूल करायला उभं केलेल्या पोरासारखा.

व्यसनमुक्ती केंद्राची ही रीतच होती. नव्वद दिवस झाले की घरच्यांसमोर माफीनामा वाचायचा, मग वडिलांनी दाखल्यावर सही करायची. दाखला मिळाला तर लिफ्ट कंपनी सोमवारी त्याला परत कामावर घेणार होती. नाहीतर त्याची जागा दुसऱ्या कुणाला तरी.

"असे वडील मिळायला नशीब लागतं," समुपदेशक बाई म्हणाल्या. "मुलासाठी तिसऱ्यांदा आलेत."

इस्त्रीच्या शर्टातले बाबा समाधानाने मान हलवत होते. ताईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणे नशीब! ती गणवेशाच्या कारखान्यात काजं-बटणं करायची आणि मालकापुढे कधी चकार शब्द काढत नसे. आजही गप्प बसायचं, दाखला पदरात पाडून घ्यायचा, असं ठरवूनच आली होती.

"तुम्ही मला कधी काही कमी पडू दिलं नाहीत..."

"बास!" ताई उभी राहिली. "खोटं वाचू नकोस."

"ताई, बस ना गं. दोनच ओळी राहिल्यात."

"बाई, संगत कसली घेऊन बसलात? हा सात वर्षांचा होता. हे बाबा त्याला पट्ट्याने सोलून काढायचे. कशासाठी, तर दूध सांडलं! पोर किंचाळायचं, शेजाऱ्यांना ऐकू जायचं. मग हे चमच्याने दारू त्याच्या घशात ओतायचे. औषध आहे म्हणायचे. थोड्या वेळात पोर गार. आणि हे एकदा नाही, वर्षानुवर्षं. आता माफी यानेच मागायची होय?"

बाबांनी घसा खाकरला. "आमच्या वेळी सगळ्यांनीच मार खाल्लाय. सगळे दारुडे झाले का? हिला लागलं का व्यसन?"

"नाही लागलं! चव्वेचाळीस वर्षांची झाले, अजून जिन्यात पावलं वाजली की मी दाराची कडी चाचपते. गोळी घेतल्याशिवाय डोळा लागत नाही. हातात बाटली दिसत नाही म्हणून मी धडधाकट, असंच ना?" ती बाईंकडे वळली. "आणि बाई, पाय मी धरायचे. चमचा तोंडात जाईपर्यंत त्याचे पाय मी दाबून धरायचे. हे म्हणायचे धर, की मी धरायचे."

हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. धाकट्याकडे बघायची तिची छाती होईना.

बाबा उठले. "घरातलं चव्हाट्यावर आणलंस ना? मग सहीही तूच कर." ते चालते झाले. जाताना कॉलर नीट करायला विसरले नाहीत.

बाईंचा चेहरा उतरला होता. "तीन वेळा मीच तुमच्या भावाला दाखल करून घेतलं. लहानपणाचं एकदाही विचारलं नाही. फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही." मग चाचरत म्हणाल्या, "बहिणीची सही चालेल का, ते मोठ्या डॉक्टरांना विचारावं लागेल. ते बुधवारी येतात."

म्हणजे सोमवार हातचा गेला. एवढी वर्षं तोंडाला कुलूप होतं, आणि उघडलं ते भावाच्या पोटावर पाय द्यायला. ताईला रडू आवरेना.

"माझं चुकलं रे," ती म्हणाली. "आजही चुकलं, तेव्हाही चुकलं."

धाकटा तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला.

"पाय कुणीतरी धरायचं, एवढं आठवायचं मला," तो म्हणाला. "किती वर्षांची होतीस गं तेव्हा तू?"

"अकरा."

"अकरा," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे तूही पोरच होतीस की."