वर्तणुकीचा रकाना

"आजी, हे तुम्हीच लिहिलंय ना?" परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयातल्या साहेबाने कागद फिरवून बाईंपुढे सरकवला.

"अक्षर माझं, सही माझी. आजी मात्र तुमची नाही."

शेजारच्या खुर्चीतली परदेशी पाहुणी खुदकन हसली. शब्द कळले नव्हते, सूर कळला होता. दोन महिने एका घरात राहिलं की तेवढं येतंच.

बाईंनी जन्म-मृत्यूच्या नोंदणीत एकतीस वर्षं काढली होती. गल्ली त्यांना अजून नोंदणीबाईच म्हणे. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला एक दिवस आधी जन्माला घातलं नाही, की एक दिवस उशिरा मारलं नाही. शाळाप्रवेशासाठी पोराची तारीख मागे ओढायला आलेल्या सख्ख्या दिरालाही त्यांनी हात हलवत परत पाठवलं होतं. दीर पुढे चार वर्षं बोलला नाही. ती चार वर्षं बरी गेली, असं बाईंचं मत.

निवृत्तीनंतर त्यांनी वरच्या दोन खोल्या परदेशी पाहुण्यांना द्यायचा परवाना काढला. पाहुणा आला की चोवीस तासांत त्याच्या पासपोर्ट-व्हिसाची माहिती या कार्यालयाला कळवायची. बाकीचे घरमालक त्याला कटकट म्हणत. बाईंचे मात्र रिकामा रकाना दिसला की हात शिवशिवत.

घोटाळा झाला तो त्यामुळेच. पाहुणी तिच्या देशात बस चालवायची. आता निवृत्त होऊन डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आली होती. उजवा डोळा झाला, डावा पुढच्या महिन्यात व्हायचा होता आणि व्हिसा तर शुक्रवारी संपत होता. मुदतवाढीचा अर्ज गेला तशी कार्यालयाने घरमालकिणीकडे माहिती मागितली. 'पाहुण्याची वर्तणूक' या रकान्यात लोक 'चांगली' लिहून मोकळे होतात. बाई कागद उलटून मागच्या पानावर पोचल्या. पाहुणी सकाळी भाजी चिरते. बंद पडलेलं शिलाई मशीन तिने चालू केलं. उजव्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर तिला खिडकीचा उडालेला रंग दिसला, म्हणून एक झडप हिरवी रंगवली. दुसरी डाव्या डोळ्यानंतर रंगवणार आहे.

"म्हणजे ती तुमच्याकडे काम करते," साहेब म्हणाला. "या व्हिसावर काम चालत नाही. बिनपगारीसुद्धा."

"काम? अहो, तिने चिरलेली भाजी एकदा बघा. तुम्हीच तिला कामावरून काढाल."

साहेबाला हसू आलं. ते त्याने फायलीत दडवलं. माणूस वाईट नव्हता. "मावशी, सोपं सांगतो. आधीची माहिती चुकून दिली, एवढं लिहा. दोन ओळी. तुम्हाला समज देऊ, हिची मुदत वाढेल. नाहीतर शुक्रवारी हिला जावं लागेल."

दोन ओळी आणि एक डोळा. बाईंनी पेन उघडलं, पण ते कागदाला टेकेना. शेवटी त्यांनी पाहुणीला खुणांनी, अर्ध्यामुर्ध्या शब्दांनी सगळं सांगितलं.

पाहुणीने आपले जमवलेले शब्द गोळा केले. "तू खरं लिहिलं?"

"खरं."

"मग बदल नको." तिने डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "डोळा माझा."

बाईंनी साहेबाकडून कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं: 'पाहुणीला ताप आला तेव्हा मी तीन दिवस उशाशी बसले. वीस दिवस, दिवसातून चारदा, तिच्या डोळ्यात थेंब घातले. तिच्या कोटाची दोन बटणं लावली. तिची लेक फोन करत नाही म्हणून लेकीशी भांडले. भाषा येत नव्हती, तरी भांडले. तिने माझ्याकडे नोकरी केली असेल, तर मीही तिच्याकडे केली आहे. कारवाई दोघींवर व्हावी.'

साहेबाने वाचलं. पुन्हा वाचलं. "मावशी, याला रकानाच नाही."

"मग पाडा. वरच्यांना पाठवा."

गुरुवारी वरच्यांची दोन पत्रं एकाच पाकिटातून आली. पहिल्यात पाहुणीला दोन महिन्यांची मुदतवाढ होती: सेवा दोन्ही बाजूंनी आढळते, संबंध घरगुती स्वरूपाचे दिसतात. दुसऱ्यात बाईंचा परवाना रद्द होता. कारण तेच, परवाना पाहुणे ठेवण्याचा आहे, घरगुती संबंध जोडण्याचा नाही. सध्याच्या पाहुणीनंतर नवीन घेऊ नये. फाटकावरची पाहुणे ठेवण्याची पाटी आठ दिवसांत उतरवावी.

बाईंनी दोन्ही पत्रांवर मिळाल्याची तारीख टाकली, वेळेसकट. मग स्टूल आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या फाटकाशी गेल्या.

"अहो, आठ दिवस आहेत ना? आणि माणूस बोलवा की कुणीतरी!" शेजारीण कुंपणापलीकडून ओरडली.

"मी लावली, मीच काढते."

दुसऱ्या स्क्रूला स्टूल डुगडुगलं. पाहुणी धावत आली, वाकली.

"सोड ग," बाई वरून म्हणाल्या. "कुणी बघितलं तर काम धरतील."

पाहुणीने मान वर केली. बस काढण्याआधी बघावं तसं रस्त्याच्या दोन्ही टोकांना नीट बघितलं. मग स्टुलाचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले.