सात पायऱ्यांची मांजरं

बाइंडरबाईंचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि आता त्याचं नाव मांजरांच्या एका जातीला लागणार होतं. हसू नका. माणसाचं नाव रस्त्याला लागतं, चौकाला लागतं, मग मांजराला लागलं तर कुणाच्या बापाचं काय गेलं?

झालं होतं असं. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या बाइंडिंगच्या खोलीत, कटिंग मशीनखालच्या कात्रणांत एक भाटी मांजर व्याली. चार पिल्लांतल्या एकीचे कान पुढे दुमडलेले, वाचता वाचता पानाचा कोपरा मुडपावा तसे. "आजारी असेल," बाई म्हणाल्या. "आजारी कसली? देवानं खूण घालून ठेवलीय," नवरा म्हणाला. तिचं नाव पडलं घडी. पुढे घडीच्या निम्म्या पिल्लांचेही कान तसेच निघाले आणि नवऱ्याच्या डोक्यात खूळ शिरलं. दुमडक्या बोक्याला दुमडकी भाटी जोडायची, वेगळी जातच उभी करायची! हातानं शिवलेल्या जाड वहीत तो कोण कुणाचं, रंग काय, स्वभाव काय, सगळं लिहू लागला. तो गेल्यावर ती वही बाईंनी एक दिवस खंड न पाडता चालवली.

परवा मांजरांच्या मंडळाचे परीक्षक येणार होते. ते हो म्हणाले की जात पक्की, नाव पक्कं. बाईंनी लक्षणांचा कागद लिहून तयार ठेवला होता. डोकं गोल, डोळे टपोरे, कान दुमडलेले, शेपूट जाड नि आखूड. स्वभाव अत्यंत शांत, उड्या मारत नाही, काही पाडत नाही. या शेवटच्या ओळीचा त्यांना कोण अभिमान! खोलीभर कागदाच्या थप्प्या, खळीचं भांडं, ओले पुठ्ठे आणि अकरा मांजरं, पण एक पान हलेल तर शपथ.

लसीचे दाखले द्यायला त्यांची भाची आली. ती जनावरांची डॉक्टर. दाखले ठेवता ठेवता तिचं लक्ष टेबलाच्या पायथ्याशी गेलं.

"मावशी, या पुठ्ठ्याच्या पायऱ्या कशाला?"

"मांजरांना टेबलावर चढायला. लाडावलीत मेली! आधी दोन पुरायच्या. मग चार केल्या, आता सात आहेत."

"मांजराला पायऱ्या?"

भाची खाली बसली. घडीची पणती सुतळी जवळच होती, तिला तिनं मांडीवर घेतलं. शेपूट वाकवून पाहिली, ती वाकेना. मागचा पाय घोट्यापाशी हलकेच दाबला. सुतळी ओरडली नाही, फक्त तिनं डोकं बाईंच्या पदरात खुपसलं.

"मावशी, ही शांत नाहीये गं. हिला दुखतंय."

"काहीतरीच! बारा वर्षं हातावर वाढवलीत मी. दुखलं असतं तर ओरडली नसती?"

"मांजर ओरडत नाही, हलायचं थांबतं. ज्या दोषानं यांचे कान दुमडतात, त्याच दोषानं यांचे सांधे धरतात. आई-बाप दोघंही दुमडके असले की जास्तच."

"चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवू नकोस!" बाई तडकल्या. भाचीनं पिशवी उघडली. दुखण्याचं औषध टेबलावर ठेवून ती गेली.

बाईंनी वही उघडली. घडी, पडद्यावर चढते. तिची लेक, उड्या कमी. मग शांत. मग फार शांत. पुढची सगळी पानं त्यांच्याच वळणदार अक्षरात होती. मुक्या जिवाचं दुखणं आपण गुण म्हणून लिहीत आलो, आणि वर कौतुकानं एकेक पायरी चिकटवत गेलो. बाई वहीवर डोकं टेकून हमसून हमसून रडल्या. मग उठल्या आणि औषधाची बाटली उघडली.

परीक्षक ठरल्या वेळी आले. "वा! काय गरीब जनावर आहे!"

"साहेब, कागद चुकलाय," बाई म्हणाल्या आणि त्यांना पायऱ्या दाखवल्या. सगळं सांगितलं, अगदी स्वतःचा गाढवपणासुद्धा. "ही जात इथंच थांबवायची. सगळ्यांची ऑपरेशनं ठरवलीत. यापुढे पिल्लं नाहीत."

"पण बाई, तुमच्या मिस्टरांचं नाव लागणार होतं."

"नाव चांगलं होतं त्यांचं. म्हणूनच दुखण्याला लावत नाही."

परीक्षक गेल्यावर त्यांनी नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रागावू नका हो." त्यांचा जीव तुटत होता.

औषध सुरू केल्यावर तीन आठवड्यांनी, भर दुपारी, त्या शिलाई करत असताना मागे धाडकन आवाज झाला. सुतळी पायऱ्या सोडून स्टुलावर चढली होती आणि तिथून तिनं थेट टेबलावर उडी घेतली होती. खळीचं भांडं पालथं, ताज्या चाळीस पुठ्ठ्यांवर खळच खळ, आणि त्यात चार पाय बरबटवून महाराणी उभी.

"अगं भवाने!" बाई ओरडल्या आणि धावल्या. त्यांनी तिला तशीच बरबटलेली छातीशी धरली. "सांड, माझे बाई, सगळी सांड!"

चाळीसच्या चाळीस पुठ्ठे पुन्हा करावे लागले. संध्याकाळी हात धुऊन त्यांनी वही काढली आणि स्वभावाच्या रकान्यात लिहिलं : सुतळी, द्वाड.