मे महिन्यात मला उठवलं

मी एक जुना बेडूक आहे. दिसायला बरा नाही, हे मला कोणी सांगायला नको. भोपाळच्या इंद्रपुरीत एका क्वार्टरच्या व्हरांड्यात मोगऱ्याची मोठी कुंडी आहे, तिच्या तळाशी माझं बिऱ्हाड.

मित्रांनो, मी वर्षातले सात-आठ महिने झोपतो म्हणून मला आळशी म्हणू नका. थंडीत माझं अंग गारठतं आणि उन्हाळ्यात कातडी सुकते. आम्ही कातडीतूनही श्वास घेतो, त्यामुळे ती सुकली की संपलंच. म्हणून दिवाळीनंतर मी मागच्या पायांनी माती उकरत खाली जातो. दारातला कडुलिंब फेब्रुवारीत पानं गाळतो, मार्चमध्ये नवी पालवी फोडतो. कोकीळ ओरडून सगळ्यांचं डोकं उठवतो म्हणे. मला मात्र फक्त पाऊस उठवतो. माती खालपर्यंत भिजली की मी समजतो, चला, वेळ झाली.

यंदा मे महिन्यात घरची मंडळी नागपूरला गेली आणि झाडांना पाणी घालायचं काम शेजारच्या लीलावती काकूंकडे आलं. क्षितिजा, म्हणजे या घरातली मुलगी, रोज एक तांब्या पाणी घालते. काकूंना तेवढं पाणी कमी वाटलं, त्यांना झाडांची दया आली. त्यांनी थेट पाइप लावला. पाचव्या दिवशी माझ्या नाकापर्यंत चिखल झाला. आला पाऊस, म्हणत मी वर आलो आणि फरशीवर उडी टाकली.

बाहेर बघतो तर गुलमोहर लालभडक. कडुलिंबाच्या निंबोळ्या हिरव्या. दिव्याखाली येणारे पंखांचे किडे नाहीत. मी दोनदा ओरडून पाहिलं, एकाही बेडकाने ओ दिली नाही. फसलो होतो.

परत कुंडीत जावं, तर इतके महिने उपाशी झोपलेल्या पायांना काठ उंच. तीन उड्या मारल्या, तिन्ही वाया. दुपारी फरशी तव्यासारखी तापली. मी चपलांच्या स्टँडखाली सरकलो. पाठ खरखरीत झाली, डोळे मिटेनात. आज मी मरणार, असं मला वाटलं आणि फार भीती वाटली.

संध्याकाळी काकू आल्या. मला पाहून त्या आधी खुर्चीवर चढल्या. मग सुपलीत घेऊन मला फाटकाबाहेर टाकायला निघाल्या, पण निघता निघता त्यांनी क्षितिजाला फोन लावला.

"अगं, तुमच्या घरात बेडूक शिरलाय. टाकून देते."

"काकू, टाकू नका ना! तो मोगऱ्याच्या गमल्यात झोपतो. पाणी किती घातलंत?"

"पाइप लावला गं. एवढ्या उन्हात झाडं तहानलेली राहतील, असं वाटलं मला."

"त्याला वाटलं असेल पाऊस आला."

काकूंनी फोन ठेवला. त्यांनी माझ्यावर ओंजळभर पाणी शिंपडलं, खुरपीने कुंडीत खड्डा केला, मला आत ठेवलं आणि वरून माती हलक्या हाताने लोटली. दुसऱ्या दिवसापासून त्या तांब्या घेऊन येऊ लागल्या.

मित्रांनो, काकूंची माया खोटी नव्हती. तरी त्या मायेपायी मी मरायला टेकलो होतो. कोणाला किती पाणी लागतं आणि कोणाची उठायची वेळ कधी असते, ते आधी विचारा, मग पाइप उघडा. आम्ही सांगू शकत नाही, म्हणून जरा वाकून माती बघा.